रुग्णवाहिकेचे बिल २६,५०० रुपये, विम्याने दिले १,९००: उरलेल्या पैशांची तजवीज आधीच कशी करून ठेवावी?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात राहतो. दोन महिन्यांपूर्वी माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांना पहाटे गोठ्यात धार काढताना चक्कर आली, उजवा हात लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. ओळखीच्या एका खाजगी रुग्णवाहिकेने आम्ही त्यांना बेळगावला आणले. त्याचे २,२०० रुपये झाले. स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव झाल्याचे दिसले. ज्या दवाखान्यात दाखल केले होते तेथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगण्यात आले की, शस्त्रक्रिया करावी लागेल असे दिसते आणि ती सोय आमच्याकडे नाही. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला असल्यामुळे त्याने तिकडे खाट ठरवली आणि रात्री अकरा वाजता व्हेंटिलेटर व डॉक्टर असलेल्या रुग्णवाहिकेतून आम्ही निघालो. देवाच्या कृपेने वडील आता घरी आहेत आणि काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात.

माझा प्रश्न पैशांचा आहे. वडिलांचा पाच लाखांचा आरोग्य विमा आहे आणि पुण्यातील दवाखान्याचे बहुतेक बिल विम्यातून भागले. परंतु रुग्णवाहिकेचे २६,५०० रुपये आम्हाला गाडी सुटण्यापूर्वी भरावे लागले आणि त्यापोटी विमा कंपनीकडून खात्यावर फक्त १,९०० रुपये जमा झाले. हा आकडा कोठून आला हेसुद्धा मला कळलेले नाही. बिलात प्रवास ६८० किलोमीटर, दर २८ रुपये, म्हणजे १९,०४० रुपये, डॉक्टरांचे ४,५००, ऑक्सिजन आणि यंत्रांचे २,०००, टोल ९६० असे लिहिलेले आहे. बेळगाव ते पुणे सुमारे ३४० किलोमीटर आहे, मग ६८० कसे, असे विचारण्याच्या मनःस्थितीत त्या वेळी आमच्यापैकी कोणीच नव्हते.

त्या रात्री पैसे उभे करताना जी धावपळ झाली ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही. चालकाला निम्मी रक्कम रोख हवी होती, जवळच्या एटीएममध्ये पैसे संपले होते, आणि शेवटी आमच्या गल्लीतील एका काकूंनी भिशीचे जमलेले पैसे रुमालात बांधून आणून दिले. पुन्हा अशी वेळ आली तर काय करावे, याची व्यवस्था मला आत्ताच करायची आहे. विम्याला काही पुरवणी जोडता येते का? हवाई रुग्णवाहिकेचा विमा घ्यावा का? वर्षाची वर्गणी भरून रुग्णवाहिकेचे सभासदत्व देणारी कार्डे विकली जातात, त्यांचा उपयोग होतो का? की बँकेत वेगळी रक्कम बाजूला ठेवणे हाच एक मार्ग आहे?

शहापूरचे आजोबा

मी सर्वसाधारण विम्याच्या क्षेत्रात अनेक वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. आपले वडील घरी परतले हे वाचून बरे वाटले.

आधी १,९०० रुपयांचा उलगडा करतो. आपली पॉलिसी बहुधा ‘आरोग्य संजीवनी’ असावी. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून बाजारात आली आणि कोणत्याही कंपनीकडून घेतली तरी तिच्या मूळ अटी सारख्याच असतात. तिच्यात रस्त्यावरील रुग्णवाहिकेसाठी प्रत्येक वेळच्या रुग्णालय दाखल्यामागे जास्तीत जास्त २,००० रुपये मिळतात आणि मंजूर होणाऱ्या प्रत्येक दाव्यातील ५ टक्के वाटा विमाधारकाने उचलायचा असतो. दोन हजारांतून शंभर गेले, एकोणीसशे राहिले. कंपनीने आपल्याला फसवलेले नाही. करारच तेवढ्याचा आहे.

मात्र आपल्या लिहिण्यात एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. ही मर्यादा प्रत्येक दाखल्यामागे आहे, आणि आपले वडील दोन रुग्णालयांत दाखल झाले. गावाहून बेळगावला आणताना दिलेल्या २,२०० रुपयांची पावती आपल्याकडे असेल, तर बेळगावच्या दाखल्याच्या दाव्यात ती स्वतंत्रपणे मागता येते. ती पाठवली नसेल तर उशिराचे कारण लिहून आजच पाठवा. उशीर होण्यास खरे कारण असेल तर केवळ मुदत उलटली म्हणून दावा नाकारू नये, अशी सूचना नियामक प्राधिकरणाने २०११ मध्येच कंपन्यांना दिलेली आहे. पावतीवर रुग्णाचे नाव, तारीख, गाडीचा क्रमांक आणि कोठून कोठे नेले हे असावे लागते. साध्या कागदावर ‘मिळाले’ असे लिहून सही केलेली चिठ्ठी कामाची नाही.

आता पुढच्या तजविजीविषयी. रुग्णवाहिकेच्या खर्चासंबंधी सगळ्याच पॉलिसी एवढ्या तोकड्या नसतात. अलीकडच्या अनेक सर्वसमावेशक पॉलिसींमध्ये रस्त्यावरील रुग्णवाहिकेचा प्रत्यक्ष खर्च देण्याची तरतूद असते. परंतु वडिलांना आता झटका येऊन गेला आहे, म्हणून त्यांची पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा अर्ज केला तर ती कंपनी नकार देऊ शकते किंवा हप्ता वाढवू शकते. त्यामुळे त्यांची आहे ती पॉलिसी एक दिवसही खंड न पाडता चालू ठेवा आणि बदल करायचा तो स्वतःच्या, पत्नीच्या आणि मुलांच्या पॉलिसीत करा, तोही नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करून. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी उठलेला आहे. त्या वाचलेल्या पैशांत थोडी भर घातली तर अधिक चांगली पॉलिसी बसू शकेल.

कोणतीही पॉलिसी घेतली तरी एक अट जवळजवळ सगळीकडे असते. रुग्णालयातील दाखल्याचा दावा मान्य झाला तरच रुग्णवाहिकेचे पैसे मिळतात. रुग्णाला अपघात विभागात तपासून दोन तासांत घरी पाठवले, किंवा दुर्दैवाने तो वाटेतच गेला आणि कोठे दाखलच झाला नाही, तर गाडीचे भाडे घरच्यांच्या अंगावर पडते. दवाखान्यातून घरी परतण्याचे भाडेही बहुधा मिळत नाही. सुपर टॉप-अप पॉलिसीने, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च देणाऱ्या जोड-विम्याने, हा प्रश्न सुटेल असे काहींना वाटते, पण ती मोठ्या इस्पितळ-खर्चासाठी असते. गंभीर आजाराच्या पॉलिसीत एकरकमी पैसे मिळतात हे खरे. तथापि पक्षाघाताच्या बाबतीत मज्जासंस्थेची हानी किमान तीन महिने टिकून आहे असे सिद्ध व्हावे लागते, म्हणजे ते पैसे रात्री अकरा वाजता उभ्या असलेल्या गाडीच्या उपयोगाचे नाहीत. फार तर त्यातून नंतर भिशीचे देणे फिटेल.

हवाई रुग्णवाहिकेची पुरवणी स्वस्तात मिळते, म्हणून लोक ती घेतात. तिच्यातही रकमेची मर्यादा असते, डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र लागते आणि बहुतेक कंपन्या परतीचा प्रवास देत नाहीत. विमान जेथे ठेवलेले असते तेथून निघून पुन्हा तेथे पोहोचेपर्यंतचे उड्डाण हिशेबात धरले जात असल्यामुळे एका फेरीचे बिल काही लाखांत जाते. शिवाय बेळगावहून पुण्यासाठी त्याचा फायदा किती, याचा विचार करावा: मुंबईहून किंवा बंगळूरहून विमान सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर यायचे, परवानग्या घ्यायच्या, रुग्णाला दवाखान्यातून सांबऱ्याला न्यायचे आणि पुण्यात उतरल्यावर पुन्हा रुग्णवाहिका करायची. एवढ्या वेळात रस्त्याने जाणारी गाडी कराड ओलांडून गेलेली असेल. दिल्ली किंवा चेन्नईला न्यायचे असेल तर गोष्ट वेगळी. माझे मत विचाराल तर आपल्या भागातल्या माणसाने आधी रस्त्याच्या रुग्णवाहिकेचा प्रत्यक्ष खर्च देणारी पॉलिसी पाहावी आणि पैसे उरले तर विमानाची पुरवणी घ्यावी.

निपाणीचा सारथी

माझी स्वतःची रुग्णवाहिका आहे आणि निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातून कोल्हापूर, बेळगाव, मिरज, पुणे येथे रुग्ण नेण्याचे काम मी करतो. बिलाविषयी चालकाच्या बाजूने सांगतो.

६८० किलोमीटर हा आकडा जाण्यायेण्याचा आहे. पुण्याहून परतताना गाडी रिकामी येते, पण डिझेल तेवढेच लागते आणि चालकाला झोप न घेता परतावे लागते, म्हणून लांबच्या भाड्यात दोन्ही बाजूंचे अंतर धरण्याचा रिवाज आहे. हे आधी सांगायला हवे होते, ते न सांगणे चुकीचे. डॉक्टर सोबत असेल तर त्याचे पैसे वेगळे असतात. टोलचे ९६० रुपये मात्र मला खटकले. राष्ट्रीय महामार्गावरील पथकराच्या २००८ च्या नियमांनुसार रुग्णवाहिकेला टोल माफ आहे. आपण त्या मालकाला शांतपणे फोन करून टोलच्या पावत्या मागा.

आता जे बिलात दिसत नाही ते लिहितो. गाडीवर ‘आयसीयू’ असे मोठ्या अक्षरांत रंगवले म्हणून आत आयसीयू असतेच असे नाही. रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ हे मानक आहे आणि त्यात ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत: प्रथम प्रतिसादाचे वाहन, साधी रुग्ण वाहून नेणारी गाडी, प्राथमिक जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण न्यायचा असेल तर डी प्रकारची गाडी लागते, आणि ज्याचा पाय मोडला आहे पण श्वास नीट चालू आहे त्याला बी प्रकारची गाडी पुरते. घाबरलेले नातेवाईक दुसऱ्या प्रकारच्या रुग्णासाठीही महागडी गाडी करतात आणि काही लोक त्यांना तसे करूही देतात.

ऑक्सिजनचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा, तो अवघड नाही. लहान बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर प्राणवायू असतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो अडीच तासांत संपतो, म्हणजे बेळगावहून निघालेली गाडी साताऱ्याच्याही अलीकडेच अडकते. डी टाइप, ज्याला आम्ही जम्बो म्हणतो, त्यात ७,००० लिटर असतो आणि तो त्याच वेगाने साडेअकरा तास पुरतो. पैसे देण्यापूर्वी सिलिंडर किती आणि कोणते, काटा कोठे आहे, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. मी कोणाला हे दाखवायला नकार देत नाही आणि जो देतो त्याच्या गाडीत बसू नये.

आणखी एक अप्रिय गोष्ट. रुग्ण कोणत्या दवाखान्यात न्यायचा हे चालकाला ठरवू देऊ नका. रुग्ण पोहोचवल्याबद्दल दलाली देणारे दवाखाने आहेत आणि ती घेणारे आमच्या धंद्यातले लोकही आहेत. खाट ठरली आहे याचा त्या दवाखान्यातील डॉक्टरांशी स्वतः बोलून खात्रीचा निरोप घ्यावा आणि मगच गाडी हलवावी. तवंदीचा घाट रात्री पावसात उतरत असताना मागून ‘खाट नाही, दुसरीकडे बघा’ असा फोन आलेला मी दोनदा अनुभवला आहे.

जांबोटी रस्ता

थोडा वेगळा सूर लावतो, त्याबद्दल क्षमस्व. पुण्यालाच का नेले? मेंदूची शस्त्रक्रिया बेळगाव शहरातच दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात होऊ शकली असती, हुबळी शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि कोल्हापूर सुमारे एकशेदहा. रक्तस्राव झालेल्या रुग्णाला सहा तास रस्त्यावर ठेवण्याचा धोका आणि खर्च, दोन्ही आपण भावाच्या सोयीसाठी पत्करले असे मला दिसते. आपल्याकडे ‘मोठ्या गावाला नेले’ या म्हणण्यात एक प्रतिष्ठा आहे, तिच्यापायी पुष्कळ पैसे रस्त्यावर जातात.

सभासदत्वाच्या कार्डाविषयी: माझी मुलगी मेलबर्नला असते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी मेडिकेअर योजनेत रुग्णवाहिकेचा खर्च येत नाही, म्हणून व्हिक्टोरिया राज्यात लोक तेथील रुग्णवाहिका सेवेचेच वार्षिक सभासदत्व घेतात, तर क्वीन्सलँडमध्ये रहिवाशांना ही सेवा विनाशुल्क आहे. तेथे ते सभासदत्व अर्थपूर्ण ठरते, कारण वर्गणी घेणारी आणि गाडी पाठवणारी संस्था एकच आहे. आपल्याकडे कार्ड विकणाऱ्याला मी तीनच गोष्टी विचारल्या होत्या: बेळगाव जिल्ह्यात तुमच्या स्वतःच्या गाड्या किती, खानापूरच्या पलीकडे त्या येतात का, आणि राज्याची हद्द ओलांडतात का. तिन्ही प्रश्नांवर तो मला सवलतीचा दर सांगत राहिला. मी कार्ड घेतले नाही.

मलप्रभाकाठ

जांबोटी रस्ता यांचा प्रश्न बोचला, पण तो रास्त आहे. आम्ही शहरातील आणखी एका दवाखान्यात विचारले होते, तेथे त्या रात्री अतिदक्षता विभागात खाट नव्हती. तिसरीकडे विचारलेच नाही, कारण तोपर्यंत भावाने पुण्यात सगळे ठरवून टाकले होते. हुबळीचे तर कोणाच्या मनातही आले नाही. आपल्याकडे नातेवाईक पुणे-कोल्हापूरकडे असतात, म्हणून पाय तिकडेच वळतात.

आजोबांनी सांगितल्याप्रमाणे २,२०० रुपयांची पावती शोधली. ती आहे, पण तिच्यावर गाडीचा क्रमांक नाही. मालकाकडून नवी पावती लिहून घेत आहे.

सरकारी दवाखाना, बाह्यरुग्ण विभाग

मी एका तालुका रुग्णालयात काम करते. येथे खाजगी गाडी आणि खाजगी विमा यांचीच चर्चा चालली आहे, म्हणून सरकारी बाजू मांडते.

आपल्या कर्नाटकात १०८ ची सेवा २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, आणि ती दोन्हीकडे विनामूल्य आहे. घटनास्थळापासून जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंत नेणे हे तिचे काम. नातेवाईकांच्या पसंतीच्या, शेजारच्या राज्यातील दवाखान्यात नेणे हे नव्हे. म्हणून पहाटे वडिलांना गावाहून बेळगावला आणण्यासाठी ती उपयोगी होती, रात्री पुण्यासाठी नव्हती. सीमेवरच्या गावांत एक घोळ नेहमी होतो: मोबाइलला पलीकडच्या राज्याचा टॉवर लागतो आणि फोन तिकडच्या केंद्रात जातो. अशा वेळी गोंधळून फोन ठेवू नये. जिल्हा, तालुका आणि गाव स्पष्ट सांगून आपण कर्नाटकात आहोत हे आधी सांगावे. पुणे-बंगळूर महामार्गावर अपघात झाला असेल तर १०३३ या क्रमांकावरून महामार्ग प्राधिकरणाची रुग्णवाहिका मिळते.

गरोदर बाई आणि एक वर्षापर्यंतचे आजारी बाळ यांच्यासाठी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात घरून दवाखान्यात, एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी, असा तिन्ही वेळचा प्रवास विनामूल्य असतो. घरी सोडणाऱ्या ‘नगु-मगु’ गाड्या आपण पाहिल्या असतील. तरीही बाळंतिणीला घरी नेण्यासाठी रिक्षाला पाचशे रुपये देणारी कुटुंबे मी दर आठवड्याला पाहते, कारण कोणी त्यांना सांगितलेले नसते आणि भिंतीवरचा फलक फक्त कन्नडमध्ये असतो.

छातीत दुखणाऱ्या रुग्णाबाबत कळकळीची विनंती आहे. त्याला घेऊन थेट मोठ्या शहराकडे सुटू नका. पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत तालुका रुग्णालयात ईसीजी काढून तो दूरच्या तज्ज्ञांकडून वाचून घेतला जातो आणि गरज असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन विनामूल्य दिले जाते. ते घेऊन पुढे निघालेला रुग्ण अधिक सुरक्षित असतो. मेंदूच्या झटक्यात मात्र उलट आहे: तो रक्तस्रावाचा की गुठळीचा हे स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून स्कॅन असलेल्या ठिकाणीच आधी न्यावे.

उपचाराच्या योजनांचा रुग्णवाहिकेशी संबंध अप्रत्यक्ष आहे, पण तो आहे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये दारिद्र्यरेषेखालील कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि इतरांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. एरवी सरकारी दवाखान्याची शिफारस लागते. तातडीच्या प्रसंगी ती लागत नाही. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेत पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता होतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या सुरुवातीला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांतील लोकांसाठी लागू केली. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली, तो वाद वेगळा. आपले गाव त्या यादीत आहे का आणि रहिवासाचा कोणता पुरावा चालतो, हे कोल्हापूरला नेण्याची वेळ येण्यापूर्वी विचारून ठेवावे. त्या योजनेच्या मूळ रचनेत प्रवासाची तरतूद होती ती बरी झालेल्या रुग्णाला घरी परतण्यासाठी एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे, एवढीच. म्हणजे यातली कोणतीही योजना तुमचे २६,५०० रुपये देणार नाही. ती दवाखान्याच्या दारातले पैसे वाचवते, आणि ते वाचले तर हातातली रोकड गाडीसाठी राहते.

दारात पैसे मागून तातडीचा उपचार नाकारला तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा परमानंद कटारा निकाल लक्षात ठेवा. प्राण वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

कणकुंबीकडची वहिनी

आमच्या बाजूची अडचण आणखी एक पायरी अलीकडची आहे. भीमगडच्या जंगलातील काही वाड्यांपर्यंत पावसाळ्यात गाडीच येत नाही, माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून किंवा तिरडीसारख्या खाटल्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि त्यानंतर रुग्णवाहिकेचा प्रश्न सुरू होतो. म्हणून आमच्या बचत गटाने सहा वर्षांपूर्वी ‘गाडीचा डबा’ सुरू केला.

गावातील ६२ घरे महिन्याला पन्नास रुपये देतात, म्हणजे महिन्याला ३,१०० जमतात. कोणाच्या घरी तातडीची वेळ आली की पंधरा हजारांपर्यंत रक्कम बिनव्याजी उसनी दिली जाते आणि ती दहा हप्त्यांत परत करायची असते. सुरुवातीला आम्ही पैसे परत न घेता देत होतो. आठ महिन्यांत डबा रिकामा झाला आणि भांडणेही झाली. एकाने देवदर्शनाची जीप करून ‘सासूला बरे नव्हते’ असे सांगितले होते. आता दवाखान्याची चिठ्ठी किंवा रुग्णवाहिकेची पावती पंधरा दिवसांत दाखवावी लागते, पण पैसे देताना मात्र कोणतेही कागद विचारले जात नाहीत, कारण त्या घडीला कागद विचारणे म्हणजे नाही म्हणण्यासारखेच आहे.

सगळे पैसे बँकेत ठेवण्याची चूकही आम्ही करून पाहिली. पावसात वीज जाते, टॉवर बंद पडतो आणि फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत. म्हणून पाच हजार रुपये रोख दोन वेगवेगळ्या घरांत असतात, आणि त्या दोन घरांतले कोणी ना कोणी रात्री गावात असले पाहिजे, असा नियम आहे. लग्नाला दोघीही एकदम गेल्या तर डबा तिसऱ्या घरी ठेवून जायचा. त्याच डब्यात चार चालकांचे क्रमांक, प्रत्येकाने आधी सांगितलेला दर आणि तो चोर्ला घाटातून गोव्याकडे जायला तयार आहे की नाही, हे कागदावर लिहून ठेवले आहे. गोव्याच्या सरकारी रुग्णालयात २०१८ पासून बाहेरच्या राज्यातील रुग्णांना शुल्क पडते, हेही त्याच कागदावर आहे, कारण ‘तिकडे फुकट होते’ असे सांगणारा कोणी तरी प्रत्येक गावात असतोच.

शहापूरचे आजोबा

वहिनींची व्यवस्था मला कोणत्याही पुरवणीपेक्षा अधिक उपयोगाची वाटते, आणि एक सावधगिरीची सूचना करतो. ‘पन्नास रुपये भरा आणि आजारी पडलात तर पंधरा हजार हमखास मिळतील’ असे वचन दिले की कायद्याच्या नजरेत तो विम्याचा व्यवसाय ठरू शकतो आणि नोंदणीशिवाय तो करता येत नाही. आपण उसनवारी म्हणून देता आणि परत घेता, हे योग्यच आहे. हिशेबाच्या वहीत आणि गटाच्या ठरावातही तसेच लिहिलेले असू द्या.

मूळ प्रश्नकर्त्यांना: बेळगावच्या पावतीचे पैसे नाकारले गेले तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर कर्नाटकासाठी विमा लोकपालांचे कार्यालय बंगळूरला आहे. तेथे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पुण्यात उपचार झाले म्हणून काही जण पुण्याच्या लोकपालांकडे अर्ज पाठवतात. आपण राहता कर्नाटकात, तेव्हा अर्ज बंगळूरलाच जाऊ द्या.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनंतर काय झाले ते कळवतो.

टोलच्या पावत्या मागितल्यावर मालकाने थोडा वेळ हो-ना केले आणि ९६० रुपये परत पाठवले. गाडी क्रमांक असलेली नवी पावती घेऊन बेळगावच्या दाखल्याचा दावा टपालाने आणि ईमेलने असा दोन्हीकडून पाठवला आहे. माझी आणि पत्नीची पॉलिसी मार्चमध्ये नूतनीकरणाला येते. रुग्णवाहिकेचा प्रत्यक्ष खर्च देणाऱ्या दोन पॉलिसींच्या अटी मागवल्या आहेत आणि जानेवारीत अर्ज करणार आहे. वडिलांची आहे तशीच चालू राहील. कार्ड घेणार नाही. विमानाची पुरवणी पत्नीला हवी आहे, तिच्याशी अजून चर्चा चालू आहे.

वहिनींचा डबा आमच्या गल्लीत सुरू करायचा प्रस्ताव मी रविवारच्या बैठकीत मांडला. ३४ घरांपैकी २१ तयार झाली. पहिली वर्गणी त्याच काकूंनी भरली, ज्यांनी त्या रात्री भिशीचे पैसे आणून दिले होते. रोख रक्कमही त्यांच्याचकडे राहणार आहे.

सारथी दादा, एक विचारायचे राहिले. ठरलेल्या दरांच्या यादीत मी आपल्याला खानापूरहून हुबळीसाठी धरू का, की तेवढ्या लांबून आपली गाडी रिकामी येण्याचे पैसे पडतील?

निपाणीचा सारथी

पडतील. मी निपाणीहून खानापूरला येईपर्यंत शंभर किलोमीटर होतात आणि तेवढ्या वेळात तुमचा रुग्ण हुबळीजवळ पोहोचलेला असावा. खानापुरात किंवा बेळगावातच गाडी असलेले दोघे जण धरा, आणि मला फक्त कोल्हापूर-पुण्याच्या भाड्यासाठी तिसऱ्या क्रमांकावर लिहा.